टॅब तोडलेली कॅसेट : घरातल्या टेपांकडे इतिहासाचं साधन म्हणून कसं बघायचं?

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. तुम्ही तो सामना टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर पाहिला असेल. आता एक साधा प्रश्न : तो सामना तुमच्याकडे आहे का? कंपनीच्या अ‍ॅपवर नव्हे, तुमच्या घरात, तुमच्या कपाटात?

बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असेल. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता, तर काही घरांतून ‘हो, आहे ना, थांबा लावतो’ असं उत्तर आलं असतं. आजचा लेख या कॅसेटवाल्या माणसांच्या संग्रहाबद्दल आहे. आधुनिक इतिहासात, माध्यमांवर किंवा खेळावर पीएचडी करायचा विचार असेल, तर ही साधनं कशी वाचायची हे आत्ताच शिकून घ्या. कारण ती फार दिवस टिकणार नाहीत.

नसलेलं चित्रीकरण

आधी ‘नसण्या’पासून सुरुवात करू. १८ जून १९८३. टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७. तिथून कपिलदेवने नाबाद १७५ केल्या आणि भारत ३१ धावांनी जिंकला. पुढे विश्वचषकही आला. पण या खेळीचं टीव्ही चित्रीकरण झालंच नाही. बीबीसीत त्या दिवशी संप होता, असं कारण नेहमी सांगितलं जातं. आपल्याकडे उरलं काय, तर धावफलक, छायाचित्रं, वर्तमानपत्रं आणि लोकांच्या आठवणी. २०२१ च्या ‘८३’ चित्रपटात ती खेळी पुन्हा उभी केली गेली. आता गंमत बघा. पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर ‘१९८३ चा कपिल’ म्हणून येणारं हलतं चित्र रणवीर सिंगचं असेल. साधन नसलं की त्या रिकाम्या जागी काहीतरी येऊन बसतंच. संशोधक म्हणून ही गोष्ट कायम लक्षात ठेवा.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६० च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना कायमचा हरवला, असंच सगळे धरून चालले होते. २००९ मध्ये गायक-अभिनेता बिंग क्रॉस्बी याच्या घराच्या तळघरात त्याचं पूर्ण प्रक्षेपण फिल्मवर सापडलं. क्रॉस्बी हा जिंकलेल्या पिट्सबर्ग संघाचा भागीदार. त्याने ते स्वतःसाठी टीव्हीच्या पडद्यावरून उतरवून घेतलं होतं. म्हणजे संस्थेने जे जपलं नाही, ते एका शौकिनाने जपलं.

आपल्याकडे कॅसेट कशी आली

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. याच सुमारास आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून आणि बाजारातून व्हीसीआर घरांत येऊ लागले. बऱ्याच जणांकडे मात्र नुसता व्हीसीपी असायचा, तोही कधीकधी एका रात्रीपुरता भाड्याने आणलेला. हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. व्हीसीपीवर फक्त बघता येतं. व्हीसीआरवर बघता येतं आणि उतरवूनही घेता येतं. त्यामुळे सामन्यांचे संग्रह ज्यांच्याकडे रेकॉर्डिंगचं यंत्र होतं त्यांचेच झाले. तुमच्या साधनावर वर्गाचा शिक्का इथेच बसतो.

टेप वाचायची कशी?

समजा, वाशीतल्या एखाद्या ओळखीच्या काकांनी तुम्हाला एक कॅसेट दिली. लेबलवर पेनाने लिहिलंय : ‘शारजा, सचिन १४३’. लगेच प्लेअरमध्ये घालू नका. आधी बाहेरून बघा.

पहिली गोष्ट टॅब. व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी टॅब असते. ती तोडली की त्या टेपवर नवीन रेकॉर्डिंग होत नाही. म्हणजे तुटलेली टॅब हे मालकाचं विधान आहे : ‘हे पुसायचं नाही.’ आणि त्या खाचेवर सेलोटेप चिकटवलेली असेल, तर मालकाचं मत नंतर बदललं. काय पुसलं गेलं, हे आता टेपमध्ये शोधायचं.

दुसरी गोष्ट लांबी. ‘ई-१८०’ म्हणजे साधारण वेगात १८० मिनिटं. एकदिवसीय सामना सात तासांच्या घरातला. अख्खा सामना घ्यायचा तर तीन कॅसेट लागणार, नाहीतर लाँग प्लेवर निम्म्या दर्जात. कॅसेट फुकट मिळत नव्हती. म्हणून लोक बहुतेक आपल्या संघाची फलंदाजीच घ्यायचे. अशा संग्रहावरून कोणी ‘त्या काळी गोलंदाजीला महत्त्व नव्हतं’ असा निष्कर्ष काढला, तर तो क्रिकेटबद्दल बोलत नसून कॅसेटच्या किमतीबद्दल बोलत असतो!

तिसरी गोष्ट, सामन्याच्या मधलं सगळं. २२ एप्रिल १९९८ च्या त्या सामन्यात वाळूचं वादळ आलं. भारतापुढे ४६ षटकांत २७६ चं नवं लक्ष्य आलं, आणि अंतिम फेरीसाठी २३७ पुरेशा होत्या. भारत २५० वर थांबला, हरला, तरी अंतिम फेरीत गेला. हायलाइट्समध्ये सचिनचे षटकार दिसतात. घरच्या टेपमध्ये कदाचित वादळात थांबलेला खेळ, जाहिराती, समालोचकांची अनिश्चितता हेही असेल. किंवा काकांनी तिथे ‘पॉज’ दाबला असेल. दोन्ही गोष्टी पुरावाच आहेत. एक प्रक्षेपणाबद्दल सांगते, दुसरी प्रेक्षकाबद्दल.

चित्रपटांनाही हेच लागू होतं. ‘शोले’चा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो, तो १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदलावा लागला. चित्रपटगृहांनी वर्षानुवर्षं बदललेला शेवट दाखवला, मूळ शेवट मात्र व्हिडिओवरून रसिकांपर्यंत पोचत राहिला. आपल्या पनवेलच्या बाजूला ज्याच्या रेल्वे दरोड्याचं चित्रण झालं, त्या सिनेमाची कथा थिएटरात एक आणि घरात दुसरी! म्हणून ‘शोले पाहिला’ असं कोणी मुलाखतीत म्हणालं, तर कुठला आणि कुठे, हे विचारायला विसरू नका.

गावच्या स्पर्धांच्या टेपा

आता माझ्या मते सगळ्यात मोलाच्या साधनाकडे येऊ. आंतरराष्ट्रीय सामना जगात कुठेतरी मिळेल. पण करावे, दिवाळे, घणसोली, कोपरखैरणे यांसारख्या आगरी-कोळी गावांतल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या स्पर्धा कुठल्या वाहिनीने दाखवल्या? अशा सामन्यांचं शूटिंग करायचा तो लग्नाचा व्हिडिओवाला. प्रती निघाल्या तर दोन-चार.

सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० ला. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. संपादनाच्या फाइली, नकाशे, आंदोलनांच्या बातम्या तुम्हाला मिळतील. पण शेतं आणि मिठागरं जाऊन इमारती येत असताना गावातली पोरं कुठे खेळत होती, मैदानाच्या कडेला काय होतं, समालोचक आगरी बोलीत कसा बोलत होता, चषक कोणाच्या स्मरणार्थ होता, बॅनरवर कोणत्या पुढाऱ्याचं नाव होतं, हे नकाशात नसतं. ते त्या टेपमध्ये, चेंडूच्या मागे, जरासं आउट ऑफ फोकस दिसतं. व्हिडिओवाला चेंडू टिपत होता. तुम्ही कडा बघायच्या.

वेळ कमी आहे

चुंबकीय टेप मरते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तर लवकर. रिळाच्या कडेला पांढरट बुरशी दिसली, तर ती कॅसेट अजिबात लावू नका; टेप फाटते आणि यंत्रही खराब होतं. यंत्रंही संपत चालली आहेत : जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी अभिलेखागाराने तर २०१५ मध्येच २०२५ ही टेपांची ‘डेडलाइन’ म्हणून सांगितली होती. ती उलटून गेली.

म्हणून कामाच्या चार गोष्टी :

१. डिजिटल प्रत करताना काहीही कापू नका. जाहिराती, मुंग्या, अर्धवट पुसलेली मालिका, सगळं राहू द्या.

२. लेबल, खोका, टॅब यांचे फोटो काढा. कोणाकडून, केव्हा मिळाली, त्यांनी काय सांगितलं, ते त्याच दिवशी लिहा.

३. प्रत झाली म्हणून मूळ कॅसेट फेकू देऊ नका.

४. कायदा समजून घ्या. कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ प्रक्षेपणाच्या बाबतीत खाजगी वापरासाठी आणि प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी रेकॉर्डिंगला मुभा देतं. ते नेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे, ती मुभा यात येत नाही. आणि गावच्या टेपेत माणसं ओळखू येतात, त्यामुळे कायद्याच्याही आधी त्यांची परवानगी घ्या.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. नेरूळचा तो अंतिम सामना कंपनीच्या सर्व्हरवर आहे. हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले की तो कुठे आणि कोणाला दिसेल, हे तुमच्या हातात नाही. आपल्या पिढीकडे टॅब तोडायला कॅसेटच नाही. पण आधीच्या पिढीची माळ्यावर अजून आहे. या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या आधी तुम्ही तिथे पोचा.