आकाश-सर्वेक्षणांतून तारे आणि परग्रहांचा शोध

सूर्याप्रमाणे इतर ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरत असावेत, ही कल्पना जुनी आहे. मात्र सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचा पहिला पुरावा १९९५ मध्ये हाती आला. त्यानंतर तीस वर्षांत, म्हणजे सप्टेंबर २०२५ पर्यंत, सूर्यमालेबाहेरील निश्चित झालेल्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर पोहोचली. या वाढीमागे प्रामुख्याने दुर्बिणींद्वारे केली जाणारी आकाश-सर्वेक्षणे आहेत. अमेरिकेतील पालोमार वेधशाळेची सर्वेक्षणे त्यांपैकी महत्त्वाची मानली जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांनी त्यांचे नेतृत्व केले.

सर्वेक्षण म्हणजे काय?

पूर्वी खगोलशास्त्रज्ञ एखादा तारा निवडत आणि त्याच्यावर दुर्बीण रोखत. सर्वेक्षणाची पद्धत याच्या उलट आहे. आकाशाच्या विस्तृत भागाची छायाचित्रे ठरावीक कालावधीने पुन्हा पुन्हा घेतली जातात. नवे छायाचित्र जुन्याशी ताडून पाहिले जाते आणि जे बदलले असेल ते संगणक वेगळे काढतो. बदल कोठे होईल, हे आधी ठाऊक असण्याची गरज नसते.

परग्रहांच्या शोधात या पद्धतीचा उपयोग प्रामुख्याने अधिक्रमणासाठी होतो. ग्रह ताऱ्याच्या समोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश अडतो. दूरच्या निरीक्षकाने पाहिल्यास, गुरूच्या अधिक्रमणामुळे सूर्याचा प्रकाश सुमारे एक टक्क्याने घटेल. पृथ्वीमुळे होणारी घट एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असेल. अमेरिकेच्या केप्लर अवकाश दुर्बिणीने २००९ ते २०१८ या काळात दीड लाखांहून अधिक ताऱ्यांवर नजर ठेवून याच मार्गाने २,६०० हून अधिक ग्रह शोधले. २०१८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या टेस दुर्बिणीने हे काम पुढे नेले.

अधिक्रमणातून ग्रहाचा आकार कळतो, वस्तुमान कळत नाही. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डोलतो; वर्णपटावरून हे डोलणे मोजले की वस्तुमान मिळते. राजस्थानातील माउंट अबू येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या वेधशाळेत ‘पारस’ हा वर्णपटमापक हेच काम करतो. त्याच्या साहाय्याने २०१८ मध्ये पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाच्या एका ग्रहाची निश्चिती झाली. तो सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूर असून साडेएकोणीस दिवसांत आपल्या ताऱ्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करतो.

तारा आणि ग्रह यांच्या मधला दुवा

श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ चा. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते बर्कली येथे गेले. विद्यार्थिदशेतच, १९८२ मध्ये, डोनाल्ड बॅकर यांच्यासह त्यांनी पहिला मिलिसेकंद स्पंदक शोधून काढला. हा तारा स्वतःभोवती सेकंदाला सुमारे ६४२ फेऱ्या मारतो.

पुढे ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्राध्यापक झाले. तेथे त्यांच्या गटाने पालोमारच्या ६० इंची दुर्बिणीतून शशक तारकासमूहातील ‘ग्लीझ २२९’ या सुमारे १९ प्रकाशवर्षे दूरच्या तांबड्या बटू ताऱ्याशेजारी एक अत्यंत मंद गोल टिपला. त्याच्या वर्णपटात मिथेन आढळला. ताऱ्याच्या उष्णतेत मिथेन टिकत नाही. तो गुरूसारख्या ग्रहांवर असतो. हा गोल म्हणजे तपकिरी बटू होता. तो ग्रहापेक्षा जड असतो, परंतु हायड्रोजनचे ज्वलन टिकवून तारा होण्याइतका जड नसतो. १९९५ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे भरलेल्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांनी ‘५१ पेगासी’ ताऱ्याभोवतीच्या ग्रहाची घोषणाही त्याच परिषदेत केली.

या तपकिरी बटूने पुढे एक कोडे घातले. मोजलेल्या वस्तुमानाच्या मानाने तो फारच मंद होता. त्याचा उलगडा २०२४ मध्ये झाला. तो एक नसून दोन तपकिरी बटू आहेत आणि सुमारे बारा दिवसांत ते एकमेकांभोवती फिरतात.

रात्रीमागून रात्र तेच आकाश

पालोमार येथील ४८ इंची सॅम्युअल ऑशिन दुर्बीण १९४० च्या दशकाच्या अखेरीस कार्यान्वित झाली. तिच्यातून काचेच्या छायाचित्रण पट्ट्यांवर उत्तरेकडील आकाशाचा नकाशा तयार करण्यात आला. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये याच दुर्बिणीवर ‘पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी’ हे सर्वेक्षण सुरू झाले. २०१८ मध्ये त्याची जागा ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ ने घेतली. पालोमारवरून अतिनवताऱ्यांचा शोध सुरू करणारे फ्रिट्झ झ्विकी यांचे नाव तिला देण्यात आले आहे.

या सर्वेक्षणाच्या कॅमेऱ्यात सुमारे ६० कोटी चित्रबिंदू आहेत. एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश, म्हणजे पूर्णचंद्राच्या दोनशेहून अधिक पट क्षेत्र, मावते. त्यामुळे तेथून दिसणारे उत्तरेकडील सारे आकाश दोन-तीन रात्रींत टिपून होते. झालेल्या बदलांच्या सूचना जगभरातील वेधशाळांना तत्काळ पाठवल्या जातात.

ग्रह गिळणारा तारा

मे २०२० मध्ये या सर्वेक्षणाने गरुड तारकासमूहातील, सुमारे १२ हजार प्रकाशवर्षे दूरचा एक तारा अचानक उजळलेला पाहिला. सुमारे दहा दिवसांत त्याचे तेज शंभर पटींनी वाढले आणि मग ओसरले. किशलय डे हे त्या वेळी एकमेकांत विलीन होणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या शोधत होते. या ताऱ्याच्या वर्णपटात मात्र अपेक्षित तप्त वायूऐवजी थंड रेणू दिसले. अवरक्त निरीक्षणांत त्याच्याभोवती धूळ असल्याचे आढळले. उत्सर्जित झालेली एकूण ऊर्जाही ताऱ्यांच्या ज्ञात विलीनीकरणांच्या सुमारे एक सहस्रांश होती. विलीन झालेली वस्तू तारा नसून ग्रह होता, हाच निष्कर्ष उरला. मे २०२३ मध्ये ‘नेचर’ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तारा आपला ग्रह गिळत असल्याचे प्रत्यक्ष निरीक्षण प्रथमच झाले होते.

वृद्ध तारा फुगत गेला आणि त्याने ग्रहाला वेढले, असे आरंभी मानले गेले. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनी हे चित्र बदलले. त्या मानाने तारा पुरेसा तेजस्वी आढळला नाही. त्यामुळे ग्रहाचीच कक्षा क्रमाक्रमाने आकुंचन पावली आणि अखेर तो ताऱ्यात कोसळला, असा अर्थ आता लावला जातो.

या शोधाचा संबंध पृथ्वीच्या भवितव्याशीही आहे. सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्य तांबडा राक्षसी तारा होईल. बुध आणि शुक्र त्यात सामावले जातील. पृथ्वीचाही बहुधा तोच शेवट होईल. सूर्याचे जे उरेल, तो श्वेत बटू असेल. झ्विकी सर्वेक्षणाने अशा एका श्वेत बटूचा प्रकाश सुमारे १०७ दिवसांच्या अंतराने खोलवर मंदावत असल्याचेही टिपले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ, भग्न ग्रहीय पिंडांचे अवशेष त्याच्यासमोरून जात आहेत, असा लावण्यात आला. ताऱ्याच्या मृत्यूनंतर ग्रहमालेचे काय होते, याचा हा दुर्मीळ पुरावा आहे.

भारतातून पाठपुरावा

एका वेधशाळेत दिवस उजाडला की निरीक्षण खंडित होते. अल्पकाळ टिकणाऱ्या घटनांचा मागोवा घेण्यासाठी वेगवेगळ्या रेखांशांवर दुर्बिणी लागतात. या गरजेतून लडाखमधील हानले येथे २०१८ मध्ये ०.७ मीटर व्यासाची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण कार्यान्वित झाली. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प आहे. ही भारतातील पहिली पूर्णतः स्वयंचलित संशोधन दुर्बीण होय.

बदलत्या आकाशाच्या अभ्यासातील कार्यासाठी कुलकर्णी यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. ८.४ मीटरचा आरसा आणि ३२० कोटी चित्रबिंदूंचा कॅमेरा यांच्या साहाय्याने तेथे दहा वर्षे दक्षिणेकडील आकाशाचे सर्वेक्षण करण्याची योजना आहे. पालोमारपेक्षा कितीतरी मंद तारे त्यात टिपले जातील. ग्रह गिळणाऱ्या ताऱ्यांची आणखी उदाहरणे तेथून मिळतील, अशी खगोलशास्त्रज्ञांची अपेक्षा आहे.