तळटीप : अणुव्रत

* अणुव्रत : शब्दशः 'लहान व्रत'. अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही पाच व्रते जैन साधू-साध्वी पूर्णपणे पाळतात, तेव्हा ती महाव्रते. गृहस्थ आपल्या मर्यादेत पाळतो, तेव्हा ती अणुव्रते. म्हणूनच गृहस्थाचे ब्रह्मचर्य म्हणजे जोडीदाराशी एकनिष्ठा आणि अपरिग्रह म्हणजे शेत, घर, सोने-चांदी, धान्य यांची स्वतः आखलेली कमाल मर्यादा. अहिंसेचाही असाच विवेक आहे. हिंसेचे चार प्रकार मानतात : जाणूनबुजून केलेली (संकल्पी), घरकामात घडणारी (आरंभी), उपजीविकेतली (उद्योगी) आणि स्वसंरक्षणातली (विरोधी). यांपैकी पहिली गृहस्थाने सोडायचीच. उरलेल्या तिन्ही शक्य तितक्या कमी करायच्या. कोल्हापूर-सांगलीकडे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे जैन आहेत, हे या भेदामुळे विसंगत वाटत नाही. पाच अणुव्रते, तीन गुणव्रते आणि चार शिक्षाव्रते मिळून श्रावकाची (जैन गृहस्थाची) बारा व्रते होतात. आचार्य तुलसी यांनी 1949 मध्ये सुरू केलेले अणुव्रत आंदोलन हे नाव येथूनच घेते. मात्र ते सर्वधर्मीयांसाठी होते. प्रस्तुत प्रकरणात हा शब्द मूळ, शास्त्रीय अर्थानेच आला आहे. – संपा.