मेलेल्या वावरातला कोबी

कोबीचं बियाणं घेताना आपण काय बघतो? पाकिटावरचा फोटो. आणि फोटो सगळ्या पाकिटांवर सारखाच असतो: घट्ट, हिरवागार, पाण्याचे थेंब शिंपडलेला गड्डा. खरी माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. किती दिवसांत तयार होतो, गड्डा किती वजनाचा, कुठल्या रोगाला दाद देत नाही वगैरे. ती कोणी वाचत नाही. सॉफ्टवेअरच्या लायसन्ससारखंच, 'आय ॲग्री' म्हणायचं आणि पुढे जायचं :)

परदेशी कॅटलॉगांमध्ये कोबीच्या बऱ्याच वाणांपुढे 'वाय आर' अशी दोन अक्षरं दिसतात. अर्थ एवढाच, की 'यलोज' नावाच्या रोगाला हा वाण टिकतो. ही दोन अक्षरं तिथे कशी आली, त्याची गोष्ट मला फार आवडते. आजचा विषय तोच.

आधी थोडं कूळ-मूळ. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात एकच जात. माणसाने कुठे पान निवडलं, कुठे फूल, कुठे खोड, आणि शेकडो वर्षांत एकाच रानटी झाडाच्या इतक्या भाज्या झाल्या. आपला 'कोबी' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आलेला. म्हणजे कोबीचा इतिहास हा मुळात निवडीचा इतिहास आहे. फरक एवढाच, की बहुतेक निवड चवीसाठी, आकारासाठी झाली. विस्कॉन्सिनमध्ये ती वेगळ्या कारणाने करावी लागली.

अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, मिशिगन सरोवराच्या काठचे रसीन आणि केनोशा हे परगणे, साल १९१० च्या आसपास. या राज्यात जर्मन लोकांची मोठी वस्ती होती, आणि जर्मन माणूस म्हटला की सावरक्राउट, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, आलाच. शेतकरी कोबी पिकवायचे, कारखाने तो विकत घ्यायचे, उरलेला हिवाळ्यासाठी साठवला जायचा. चांगलं चाललं होतं. आणि मग वावरं पिवळी पडायला लागली.

रोप लावल्यावर काही आठवड्यांतच एका बाजूची पानं पिवळी व्हायची, वाकडी व्हायची, गळायची. मग रोपच बसायचं. कारण होतं जमिनीतली फ्युजेरियम नावाची बुरशी. आपल्याकडे तुरीला जो 'मर' लागतो, त्याच भावकीतली. ही बुरशी मुळातून शिरते आणि रोपाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या निकामी करते. वाईट गोष्ट अशी, की एकदा जमिनीत आली की ती वर्षानुवर्षं तिथेच राहते. दोन-तीन वर्षं दुसरं पीक घेतलं, जमीन पड ठेवली, काही उपयोग नाही. फवारून मारावी तर ती पानावर नाहीच, मातीत आहे. ज्याचं घर कोबीवर चालायचं त्याने काय करायचं? जमीन विकायची म्हटली तरी असली रोगट जमीन कोबीसाठी घेणार कोण?

इथे गोष्टीत एल. आर. जोन्स येतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात वनस्पतिरोगशास्त्राचा विभाग नुकताच सुरू झाला होता आणि जोन्स त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी केलं ते ऐकायला अगदी सोपं आहे. ते सगळ्यात वाईट वावरात गेले. जिथे जवळजवळ सगळा कोबी मेला होता, तिथे मधेच एखादा गड्डा धडधाकट उभा होता. सगळे लोक मेलेल्या रोपांकडे बघत होते, जोन्सनी उभ्या असलेल्यांकडे बघितलं. हा का नाही मेला?

आता आपल्यातला कोणीही टेस्टर लगेच म्हणेल, की तो नशिबाने वाचला असेल. त्या कोपऱ्यात बुरशी कमी असेल. बरोबर शंका आहे! तपासायचा मार्ग एकच: त्याचं बी घ्यायचं आणि त्याच रोगट जमिनीत परत पेरायचं. पण इथे कोबी आडवा येतो, कारण तो दोन वर्षांचं पीक आहे. पहिल्या वर्षी गड्डा धरतो. मग त्याला काही आठवडे चांगली थंडी लागते, तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षी दांडा फुटून फुलं आणि बी येतं. म्हणजे १९१० च्या हंगामाअखेर निवडलेले गड्डे मुळासकट उपटायचे, हिवाळाभर जपून ठेवायचे, १९११ मध्ये परत लावून बी धरायचं, आणि १९१२ मध्ये ते बी त्या मेलेल्या वावरात पेरायचं. एका टेस्ट रनला दोन वर्षं! आपल्याकडे बिल्डला वीस मिनिटं लागली तर लोक चहाला जातात.

बाजारातल्या बियाण्याची रोपं तिथे नेहमीप्रमाणे मेली. निवडलेल्या गड्ड्यांची बरीचशी पिल्लावळ जगली. नशीब नव्हतं, रक्तातच होतं. पुन्हा निवड, पुन्हा तीच जमीन, आणि १९१६ साली 'विस्कॉन्सिन हॉलंडर' हा वाण शेतकऱ्यांच्या हातात आला. ज्या जमिनीवर कोबी संपला असं वाटत होतं, तिथे तो परत उभा राहिला.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं, पण 'विस्कॉन्सिन हॉलंडर' माती गरम झाली की कमी पडायचा. यलोजची बुरशी गरम मातीतच जोरात असते. साधारण २६ ते २८ अंश तापमान तिला फार मानवतं. पुढचं काम जे. सी. वॉकर यांनी केलं. हा माणूस रसीनच्याच शेतकरी घरातला. त्यांनी १९३० च्या सुमारास दाखवलं, की कोबीत दोन तऱ्हेची ताकद असते. एक अनेक जनुकांची मिळून बनलेली, जी माती २४ अंशांच्या पुढे गेली की ढासळते. दुसरी एकाच प्रभावी जनुकाची, जी उन्हाळ्यातही टिकते. एकच जनुक म्हणजे ते एका वाणातून दुसऱ्यात नेणं सोपं! मग लवकर येणाऱ्या, गोल, टोकदार अशा एकेक लोकप्रिय वाणाची रोगाला टिकणारी आवृत्ती निघत गेली. 'वाय आर' ही अक्षरं त्याची खूण. पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात या जनुकालाही न जुमानणारी बुरशी सापडली, पण तोवर त्याने अर्धं शतक काम केलं होतं.

ही 'रोगट वावरात चाळणी' लावायची पद्धत आपल्या तुरीलाही लागू पडली. 'मारुती' हा मर रोगाला टिकणारा तुरीचा वाण १९८६ साली कर्नाटकात आला, आणि तो निवडला होता महाराष्ट्रातल्या एका गावरान तुरीतून.

आता बाल्कनीकडे येऊ. पुण्या-मुंबईत कोबी लावायचा तर काय निवडायचं?

पहिला प्रश्न थंडीचा. गड्डा चांगला भरायला १५ ते २० अंश तापमान लागतं. आपली थंडी छोटी, म्हणून कमी दिवसांचा वाण घ्यावा. 'गोल्डन एकर' पुनर्लागवडीनंतर साधारण ६० ते ६५ दिवसांत येतो. गड्डा गोल, किलो-दीड किलोचा. 'प्राइड ऑफ इंडिया'ही लवकर येणाऱ्यांतलाच. चपटे, मोठे 'ड्रमहेड' वाण जास्त दिवस घेतात, ते गच्चीवर नकोतच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाकावं, चार-पाच आठवड्यांची रोपं हलवावीत, एका बारा इंची कुंडीत एकच रोप. मुंबईत थंडी नावालाच, तिथे उष्णता सहन करणारा संकरित वाण बघावा.

दुसरा प्रश्न रोगाचा. पानाच्या कडेपासून इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा पिवळा डाग आत सरकत असेल तर तो ब्लॅक रॉट, शेतकऱ्यांच्या भाषेत घाण्या रोग. तो बियाण्यातूनही येतो. हा त्रास आधी झाला असेल तर कुलू खोऱ्यातल्या कटराईनच्या केंद्रात तयार झालेला 'पुसा मुक्ता' शोधावा, कारण तो याच रोगासाठी काढलेला आहे. आणि त्या कुंडीत पुढच्या वर्षी फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी काही नको, सगळे नातेवाईक आहेत.

बी मात्र घरी धरायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडच्या थंडीत या कोबीला दांडाच फुटत नाही, म्हणून त्याचं बियाणं थंड डोंगराळ भागात करतात. आणि संकरित वाणाचं बी धरलं तरी पुढची पिढी तशीच निघत नाही.

जमलं तर दोन वेगळे वाण शेजारी शेजारी लावा आणि कुंडीवर नाव-तारीख लिहून ठेवा. कुठला तगला, कुठला मेला, कधी मेला. तुमच्या गच्चीचं ऊन आणि तुमची माती कुठल्याही पाकिटावर छापलेली नसते. ती माहिती अशीच गोळा करावी लागते. जोन्सनी याहून वेगळं काय केलं? फक्त त्यांची कुंडी जरा मोठी होती, आणि तिच्यावर लोकांची घरं अवलंबून होती.

असो. यंदा कुठला वाण लावताय ते कळवा, आणि पाकीट उलटं करून वाचायला विसरू नका.