एट्रियल फिब्रिलेशनवरील ॲब्लेशन : नंतरची प्रकृती व दुष्परिणाम

एट्रियल फिब्रिलेशन, बोलताना नुसते ‘एएफ’, या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात आणि नाडी अनियमित होते. औषधांनी ताबा राहिला नाही, किंवा रुग्णाला औषधे सोसली नाहीत, तर जांघेतील नीलेतून कॅथेटर हृदयात नेऊन विकाराच्या उगमाच्या जागा अलग पाडतात. हे ॲब्लेशन. काही रुग्णांना ते पहिला उपचार म्हणूनही सुचवले जाते. प्रस्तुत नोंद त्यानंतरच्या आठवड्यांविषयी आहे.

फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हाइसागेर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकार सुरू करणारे जादा ठोके बहुतांशी फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या नीलांमधून निघतात, असे त्यात दिसले. तेव्हापासून या नीलांच्या मुखाभोवतीची ऊती निकामी करून त्यांचा अलिंदाशी असलेला विद्युतसंबंध तोडणे हा उपचाराचा गाभा झाला. त्यासाठी रेडिओलहरींची उष्णता किंवा फुग्यातून दिलेली तीव्र थंडी वापरतात. अलीकडे अतिशय अल्पकाळाचे विद्युतस्पंदही वापरात आले आहेत. साधन कोणतेही असो, हृदयाला आतून जखम होते. तिची सूज उतरून पक्का व्रण बनायला आठवडे लागतात. रुग्ण एकदोन दिवसांत घरी जातो, चालतो-फिरतो, जांघेवर टोचल्याची खूण तेवढी दिसते; त्यामुळे आतली जखम अजून भरते आहे हे घरच्यांच्या सहज विस्मरणात जाते.

पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक तक्रारी आपोआप ओसरतात. जांघेत दुखते, काळानिळा डाग पडतो आणि तो खाली मांडीपर्यंत उतरतो. वाटाण्याएवढी गाठही हाताला लागते. जड उचलणे, उकिडवे बसणे, जोर लावणे हे काही दिवस टाळावे लागते. मात्र गाठ वाढत चालली, ठणकू लागली, किंवा रक्त वाहू लागले तर तिथे घट्ट दाब देऊन रुग्णालय गाठावे. दीर्घ श्वास घेताना किंवा आडवे पडल्यावर छातीत टोचते, पुढे वाकून बसल्यावर बरे वाटते. हे हृदयावरणाच्या सुजेचे दुखणे असते. पाण्याने थंड ठेवल्या जाणाऱ्या कॅथेटरमधून बरेच सलाइन शरीरात गेलेले असते. त्यामुळे वजन वाढणे, धाप लागणे संभवते व थोडे दिवस लघवी वाढवणारी गोळी द्यावी लागते. थकवा सर्वांत चिवट. तो काही आठवडे राहिला तरी उपचार फसला असे समजू नये.

रुग्णाला सर्वाधिक घाबरवते ती पुन्हा सुरू झालेली धडधड. सुजलेली ऊती चिडखोर असते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत चुकणारे ठोके, फ्लटर, प्रत्यक्ष एएफसुद्धा अनेकांना होते. यशापयशाचा निर्णय या काळात राखून ठेवतात. ही मुदत पूर्वी तीन महिने धरली जाई; २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-सहमतीने ती आठ आठवड्यांवर आणली. त्यानंतर ३० सेकंदांहून जास्त टिकलेली अनियमित लय ही पुनरावृत्ती मानली जाते. आरंभीची धडधड बऱ्याच जणांत शमते, तरी ती डॉक्टरांना कळवलीच पाहिजे. नाडी वेगाने चालतच राहिली तर औषध किंवा विजेचा झटका देऊन लय ताळ्यावर आणावी लागते. विश्रांतीतली नाडी आधीपेक्षा मिनिटाला १० ते १५ ठोक्यांनी वाढलेली आढळते. हृदयाजवळचे चेताकंद जखमेच्या टापूत आल्याचा हा परिणाम आहे. तो महिनोन्‌महिने राहतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो.

रक्त पातळ ठेवणारी गोळी किमान दोन महिने सर्वांनाच घ्यावी लागते, कारण ताज्या जखमेवर गुठळी धरू शकते. त्यानंतर ती बंद करायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरते. ठोके नियमित झाले एवढ्या कारणाने ती सोडणे धोक्याचे आहे. भारतात संधिवाती तापाने झडप अरुंद झालेल्यांतही एएफ आढळते. अशा रुग्णांना नव्या गोळ्यांऐवजी वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमारॉलच देतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीने या पद्धतीला बळ दिले.

गंभीर गुंतागुंती थोड्यांनाच होतात. हृदयावरणात रक्त साचणे हे शेकडा एकाच्या आसपास घडते आणि ते बहुधा उपचार चालू असताना किंवा त्यानंतरच्या काही तासांतच लक्षात येते. पक्षाघात त्याहूनही विरळ. थंडीच्या फुग्याने श्वासपटलाची चेता दुखावू शकते. धाप लागते, पण बहुतेकांची चेता काही महिन्यांत पूर्ववत होते. पोटाकडे जाणाऱ्या चेतेला धक्का लागल्यास दोन घास खाताच पोट गच्च भरते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खोकला, धाप, थुंकीतून रक्त अशी लक्षणे दिसली तर फुप्फुसनीला अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. ही लक्षणे न्यूमोनिया किंवा क्षयाची समजली जाऊन निदान लांबण्याची भीती असते.

सर्वांत घातक गुंतागुंत मात्र धडधडीचा आव आणत नाही. अन्ननलिका डाव्या अलिंदाला मागून अगदी चिकटून जाते. उष्णतेची झळ तिला लागली तर भिंतीत व्रण होऊन दोहोंमध्ये छिद्र पडू शकते. प्रमाण हजारात एकाहून कमी, पण झाले तर निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. लक्षणे साधारण एक ते चार आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांपर्यंतही उमटतात : ताप, थंडी, छातीत दुखणे, गिळताना वेदना, आणि पुढे पक्षाघातासारखी चिन्हे. पावसाळ्यात अशा तापाला कोणीही डेंग्यू किंवा मलेरिया म्हणेल. म्हणून ॲब्लेशन झालेल्याने या काळात ताप आल्यास जवळच्या दवाखान्यात पहिल्या वाक्यातच ते सांगावे आणि मूळ रुग्णालयाला कळवावे. तपासणी छातीच्या सीटी स्कॅनने करतात. दुर्बीण घशातून घालू नये, कारण तिच्यातून भरलेली हवा छिद्रावाटे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोचू शकते. उपचार तातडीची शस्त्रक्रिया हाच. प्रतिबंधासाठी अनेक ठिकाणी काही आठवडे आम्लविरोधी गोळी देतात.

विद्युतस्पंदांची पद्धत हृदयस्नायूवर अधिक नेमका परिणाम करते व अन्ननलिकेला बहुधा इजा पोचवत नाही, हा तिचा मोठा लाभ. तिचेही स्वतःचे दुष्परिणाम आहेत : स्पंदांची संख्या फार झाल्यास तांबड्या पेशी फुटून लघवी गडद होते व मूत्रपिंडांवर ताण येतो, हृदयरोहिणीला तात्पुरता पेटकाही येऊ शकतो.

पुढच्या काळात विकार परतेल की नाही, हे कॅथेटरइतकेच वजन, रक्तदाब, घोरण्यासह येणारा झोपेतला श्वासरोध आणि मद्य यांवर अवलंबून असते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील अभ्यासांत वजन घटवून ते टिकवणाऱ्यांची लय दीर्घकाळ चांगली राहिली. २,२०४ रुग्णांच्या कबाना चाचणीत (२०१९) औषधोपचाराच्या तुलनेत मृत्यू किंवा पक्षाघातात ठळक घट सिद्ध झाली नाही, पण जगण्याचा दर्जा ॲब्लेशन केलेल्यांत अधिक सुधारला. अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये निकाल चांगले असतात, सतत टिकून राहिलेल्यात कमी. विकार परतल्यास दुसऱ्यांदा ॲब्लेशन करता येते. त्या वेळी नीलांच्या मुखाशी पुन्हा जुळलेले विद्युतमार्ग बहुधा सापडतात आणि ते तोडले जातात.