एर्गोडिक सिद्धांत

एर्गोडिक सिद्धांत ही गणिताची एक शाखा असून काळानुसार बदलत जाणाऱ्या व्यवस्थांच्या दीर्घकालीन वर्तनाचा अभ्यास तीत केला जातो. एकाच मार्गाचा दीर्घकाळ माग काढून मिळणारी कालसरासरी आणि एका क्षणी सर्व शक्य अवस्थांवर घेतलेली अवकाश-सरासरी या दोन्ही केव्हा सारख्या येतात, हा या शाखेचा मध्यवर्ती प्रश्न होय. सांख्यिकीय भौतिकीत उगम पावलेल्या या शाखेचा आज सर्वांत फलदायी संबंध अंकशास्त्राशी आहे व त्यात मुंबईतील संशोधनाचा मोठा वाटा आहे.

संकल्पना

हडपसरच्या गाडीतळावरील रिक्षांचे उदाहरण घेता येईल. रिक्षा किती वेळ भरलेली असते, हे दोन प्रकारे काढता येते: एकाच रिक्षेची वर्षभर नोंद ठेवावी, किंवा एखाद्या क्षणी सर्व रिक्षा मोजून त्यांपैकी भरलेल्या किती, ते पाहावे. सर्व रिक्षा सर्व मार्गांवर मिसळून धावत असतील, तर दोन्ही उत्तरे जुळतील. परंतु काही रिक्षा केवळ ठरावीक मार्गावर शेअर पद्धतीने व उरलेल्या केवळ मीटरवर धावत असतील, तर एका रिक्षेची नोंद दुसऱ्या गटाविषयी काहीच सांगणार नाही. व्यवस्थेचे असे परस्परांत न मिसळणारे दोन भाग पडू शकत नसतील, तरच ती एर्गोडिक म्हटली जाते. गणिती परिभाषेत, माप कायम राखणाऱ्या रूपांतरणाखाली स्वतःतच राहणाऱ्या प्रत्येक संचाचे माप शून्य किंवा पूर्ण असले पाहिजे.

इतिहास

वायूतील असंख्य रेणूंचा स्वतंत्र माग काढणे अशक्य असल्याने लुडविग बोल्ट्झमन व जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकात दोन्ही सरासरी समान असल्याचे गृहीत धरले. या गृहीतकाला गणिती आधार मिळण्यास १९३१-३२ साल उजाडले. जॉन फॉन नॉयमन यांनी आपला प्रमेय आधी सिद्ध केला, मात्र तो १९३२ मध्ये छापला गेला. जॉर्ज बर्कहॉफ यांचा अधिक सबळ प्रमेय १९३१ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

बर्कहॉफ यांचा प्रमेय 'जवळपास प्रत्येक' आरंभबिंदूविषयी बोलतो. वाचताना हा शब्द सहज नजरेआड होतो, पण पुढील सारी अडचण त्यातच आहे. एमिल बोरेल यांनी १९०९ मध्ये दाखवले होते की, जवळपास प्रत्येक संख्येच्या दशांश विस्तारात ० ते ९ हे अंक सारख्याच प्रमाणात येतात. तरीही २ चे वर्गमूळ किंवा पाय यांच्याबाबत तसे आहे काय, हे आजही सिद्ध झालेले नाही. हाती असलेली संख्या अपवादांपैकी नाही, याची हमी प्रमेय देत नाही.

काही व्यवस्थांत मात्र अपवाद उरत नाहीत. २ च्या घातांच्या (२, ४, ८, १६...) पहिल्या अंकांची नोंद केली, तर १ हा अंक सुमारे ३०.१ टक्के वेळा व ९ हा केवळ ४.६ टक्के वेळा येतो. २ चा दशमान लॉगॅरिथम ०.३०१०... हा अपरिमेय असल्याने हे घडते. वर्तुळावर दर वेळी तेवढेच अंतर पुढे सरकल्यास, आरंभ कोठूनही केला तरी सर्व भाग समप्रमाणात व्यापला जातो.

मुंबईतील संशोधन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. एस. रघुनाथन यांनी १९७० च्या दशकात असा तर्क मांडला की, एका विशिष्ट वर्गातील प्रवाहांत, ज्यांना एकशक्तिक प्रवाह म्हणतात, 'प्रत्येक' कक्षा आपल्या परिसरात एखादा सुघटित भूमितीय संच पूर्णपणे व्यापते. 'जवळपास' हा शब्द येथे गळून पडतो. अशा प्रवाहांच्या मापांविषयी पायाभूत काम करणारे त्याच संस्थेतील एस. जी. दाणी यांच्या १९८१ च्या निबंधात हा तर्क प्रथम छापील रूपात आला.

त्यामागे अंकशास्त्रातील जुना प्रश्न होता. क्ष² + य² − √२ ज² या राशीत पूर्णांक घातले (सर्व शून्य नव्हेत), तर तिचे मूल्य शून्याच्या हवे तितके जवळ आणता येईल काय? ए. ओपनहाइम यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या अटकळीच्या विस्तारित रूपानुसार उत्तर होकारार्थी असावयास हवे होते. आपल्या तर्कातून ते निघते, हे रघुनाथन यांच्या ध्यानात आले. ग्रिगोरी मार्गुलिस यांनी १९८७ च्या सुमारास याच दिशेने ओपनहाइम अटकळ सिद्ध केली. पुढे दाणी व मार्गुलिस यांनी संयुक्तपणे अधिक सूक्ष्म निष्कर्ष मिळवले, आणि मारिना रॅटनर यांनी १९९०-९१ मध्ये रघुनाथन यांचा तर्क पूर्णतः सिद्ध केला. दोनच चलांच्या राशींना ओपनहाइम यांचे विधान लागू पडत नाही. दाणी यांना १९९० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

अन्य उपयोजने

हिलेल फर्स्टनबर्ग यांनी १९७७ मध्ये पूर्णांकांच्या दाट संचांत हव्या तितक्या लांबीच्या अंकगणिती श्रेढी सापडतात, या सेमेरेदी यांच्या प्रमेयाची एर्गोडिक सिद्धता दिली. फर्स्टनबर्ग व मार्गुलिस यांना २०२० चे आबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अर्थव्यवहारात दोन सरासरींमधील फरक दुर्लक्षिल्यास नुकसान संभवते. छापा पडल्यास रक्कम ५० टक्क्यांनी वाढते व काटा पडल्यास ४० टक्क्यांनी घटते, असा खेळ समजा. शंभर रुपये लावणाऱ्या अनेक खेळाडूंची एका डावानंतरची सरासरी १०५ रुपये येते व खेळ किफायतशीर भासतो. परंतु एकाच खेळाडूला एक छापा व एक काटा पडला, की त्याचे १०० रुपये ९० होतात. तो खेळत राहिल्यास जवळपास निश्चितपणे कफल्लक होण्याच्या मार्गाला लागतो. बचत व गुंतवणुकीचा सरासरी परतावा पहिल्या प्रकारे काढलेला असला, तरी कुटुंबाला जगावे लागते ते दुसऱ्या प्रकारात.