आधी नकाशा, मग सल्ला

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बी.सी. हाउसिंग नावाचं सरकारी गृहनिर्माण मंडळ आहे. आपल्या म्हाडाच्या जातकुळीतलं, 1967 सालचं. आदिवासी समाजांशी सलोखा साधायचा तर धोरण आखताना आधी त्यांनाच विचारायचं, असा या मंडळाचा अलीकडचा शिरस्ता. तो कोणाच्या चांगुलपणातून आलेला नाही. त्याच्यामागे पन्नासेक वर्षांचा राग आहे आणि कोर्टकचेऱ्या आहेत.

1950 च्या दशकाच्या अखेरीला ओटावाच्या केंद्र सरकारने उत्तरेकडच्या इन्युइट लोकांसाठी तयार घरं पाठवायला सुरुवात केली. एक नमुना तीनशे चौरस फुटांच्याही आतला होता. त्याला नाव पडलं ‘काडेपेटी’. शिकार करून आणलेला सील जमिनीवर ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसून कापायचा, वाटून घ्यायचा, ही तिथली रीत. काडेपेटीत तेवढी मोकळी जमीनच नव्हती. दक्षिणेतल्या शहरी घराचा नकाशा आक्रसून बर्फात नेऊन ठेवलेला. ज्यांनी राहायचं त्यांना कोण विचारतो?

विचारलं ते 1968-69 मध्ये. तिथल्या आदिवासींना लागू असलेला ‘इंडियन कायदा’ बदलायचा म्हणून देशभर बैठका झाल्या. पुढाऱ्यांनी जमिनीचं, तहांचं गाऱ्हाणं मांडलं. जून 1969 मध्ये मंत्री ज्याँ क्रेतिएँ यांनी श्वेतपत्रिका आणली, तीत हा कायदा आणि ‘इंडियन’ हा दर्जाच मोडीत काढायचा प्रस्ताव! बैठकांतलं काही म्हणजे काही उतरलं नव्हतं. अल्बर्टातून हॅरॉल्ड कार्डिनल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लाल पत्रिका’ काढून उत्तर दिलं, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. सल्लामसलतीबद्दल आजही जो संशय दिसतो, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे.

घरांच्या बाबतीत मग लोकांनी वाट पाहिली नाही. 1970 मध्ये विनिपेगला किन्यू हाउसिंग ही आदिवासींची स्वतःची गृहसंस्था उभी राहिली. व्हँकूव्हरला 1984 मध्ये तशीच एक. केंद्राने 1993 मध्ये नव्या सामाजिक घरांचा पैसा आखडला, तेव्हा ब्रिटिश कोलंबियातल्या अशा संस्थांनी 1996 मध्ये आपली शिखर संस्था काढली, ‘आमा’.

सरकारला विचारणं भाग पडलं ते घरांमुळे नव्हे, झाडांमुळे. हायडा या आदिवासी लोकांच्या बेटांवरचा जंगलतोडीचा परवाना त्यांना न विचारता एका कंपनीकडून दुसरीकडे गेला. ते कोर्टात गेले. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जमिनीवरचा हक्क सिद्ध व्हायचा असला तरी निर्णयाआधी सरकारने विचारलंच पाहिजे. नकाराधिकार मात्र दिला नाही. ही मेख आजही तशीच आहे.

‘सलोखा’ सरकारी कागदांवर ठळक झाला तो 2015 नंतर. दीड लाखांहून अधिक मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करून सत्य आणि सलोखा आयोगाने त्या वर्षी 94 शिफारशी केल्या. 2018 मध्ये प्रांताने आदिवासींच्या घरांसाठी 55 कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. राखीव वस्त्यांवरची घरं ही तोवर केंद्राची बाब समजली जायची. या निधीतून तिथेही घरं बांधता येऊ लागली. कोक्विटलमच्या जुन्या रिव्हरव्ह्यू मनोरुग्णालयाची विस्तीर्ण जमीन मंडळाकडे आहे. तिचं नियोजन क्विक्वेटलेम नेशन या तिथल्या आदिवासी समाजाबरोबर चालतं आणि 2021 मध्ये तिला त्यांच्या भाषेतलं नाव मिळालं.

पण विचारायचं कोणाला? व्हँकूव्हरची भूमी मस्क्विअम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वॉटुथ यांची. तिथल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी आदिवासी माणसं मात्र क्री असतात, निस्गा असतात, कुठून कुठून आलेली. तिथल्या नेशनशी बोलणी झाली म्हणजे या भाडेकरूंना विचारलं, असं होत नाही. मंडळाच्या कारभारातला सगळ्यात अवघड भाग मला हाच वाटतो. 2022 च्या जानेवारीत ‘आमा’ने शहरी, ग्रामीण आणि उत्तरेकडच्या आदिवासींसाठी स्वतःचं गृहधोरण लिहून प्रसिद्ध केलं. मसुदा त्यांचा, अभिप्राय द्यायची पाळी सरकारची.