सुट्टीत ऑफिसचा मेसेज आला, तर उत्तर द्यावंच लागतं का? 'राइट टू डिस्कनेक्ट' म्हणजे काय?

परभणी तालुक्यातलं पोखर्णी नृसिंहाच्या मंदिरासाठी ओळखलं जातं. परभणी-परळी रेल्वेमार्गावरच्या इथल्या स्टेशनचं नावही 'पोखर्णी नृसिंह' असंच आहे. वैशाखातली नृसिंह जयंती असो की दिवाळी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसं सणावाराला गावी येतात. पण आता त्यांच्यासोबत ऑफिसही येतं, खिशातल्या फोनमधून. रजा मंजूर असते, तरी ग्रुपवर 'अर्जंट आहे, जरा बघता का?' असा मेसेज पडतो.

अशा वेळी उत्तर देणं बंधनकारक आहे का? नाही दिलं तर कारवाई होऊ शकते का? आणि उत्तर देण्यात गेलेला वेळ कामाचा धरला जातो का?

भारतात सध्या कायदा काय सांगतो?

कामाच्या वेळेनंतर किंवा रजेवर असताना संपर्कात न राहण्याचा हक्क देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कामाचे तास आणि ओव्हरटाइम यांचे नियम आहेत, पण असा हक्क नाही.

महाराष्ट्रातली दुकानं, खासगी ऑफिसं आणि आयटी कंपन्यांना २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालण्यात आली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास करायला मंजुरी दिली, आठवड्याची ४८ तासांचीच ठेवली. या कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत. वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. जादा कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. व्यवस्थापकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना मात्र हे नियम लागू होत नाहीत.

मग अडचण कुठे आहे? कामाचे तास मोजले जातात ते हजेरीवरून. रजेच्या दिवशी घरच्या ओट्यावर बसून दुरुस्त केलेली एक्सेल शीट कुठल्याच हजेरीत येत नाही. म्हणजे काम होतं, पण त्याची नोंद होत नाही. नोंदच नसेल तर मोबदला मागायचा कशाच्या आधारावर?

सरकारी कर्मचाऱ्यांचं काय?

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. मात्र अत्यावश्यक सेवा, पोलीस, रुग्णालयं आणि शाळा त्यातून वगळल्या आहेत.

रजेबाबत महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यांनुसार रजा हक्क म्हणून मागता येत नाही. कामाची निकड असेल तर ती नाकारता येते आणि रजेवरच्या कर्मचाऱ्याला परतही बोलावता येतं. गावी जायचं तर मुख्यालय सोडण्याची परवानगी घ्यावी लागते. पण परत बोलावणं ही एक रीतसर प्रक्रिया आहे. ग्रुपवर 'माहिती तातडीने पाठवा' असं लिहिणं म्हणजे परत बोलावण्याचा आदेश नव्हे.

सुप्रिया सुळेंचं विधेयक काय होतं?

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २८ डिसेंबर २०१८ रोजी लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट' विधेयक मांडलं. ५ डिसेंबर २०२५ रोजी त्यांनी ते पुन्हा मांडलं. कामाच्या वेळेबाहेर फोन किंवा ईमेलला उत्तर न देणाऱ्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये, हा त्याचा गाभा आहे. नियम मोडणाऱ्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या एकूण वेतनाच्या १ टक्का दंडाची तरतूदही त्यात आहे.

पण हे खासगी विधेयक आहे, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा बनली आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. त्यामुळे अशा विधेयकातून विषयावर चर्चा होते, पण कायदा क्वचितच होतो.

इतर देशांत काय आहे?

कामाच्या वेळेबाहेर मोबाइल न उचलणं हे गैरवर्तन नाही, असा निकाल फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच दिला होता. १ जानेवारी २०१७ पासून तिथे ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या विषयावर कामगार प्रतिनिधींशी चर्चा करावी लागते.

ऑस्ट्रेलियात हा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला आणि वर्षभराने छोट्या व्यवसायांनाही. तिथे बॉसला मेसेज पाठवायला बंदी नाही. तो न वाचण्याचा आणि उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे. नकार अवाजवी असेल तर मात्र संरक्षण मिळत नाही. संपर्काचं कारण काय, पद कोणतं, त्यासाठी वेगळे पैसे मिळतात का, हे सगळं त्यात पाहिलं जातं.

जर्मनीतल्या डेमलर कंपनीने २०१४ मध्ये वेगळाच मार्ग काढला. सुट्टीवरच्या कर्मचाऱ्याला आलेला ईमेल आपोआप डिलीट करण्याची सोय दिली आणि पाठवणाऱ्याला दुसऱ्या सहकाऱ्याचा पत्ता कळवला. परतल्यावर इनबॉक्समध्ये ढीग नको, हा त्यामागचा विचार.

दोन मिनिटांच्या उत्तराने बिघडतं काय?

उत्तर दोन मिनिटांत देऊन होतं, पण पुढचा मेसेज कधी येईल याकडे लक्ष लागून राहतं. शरीर गावी आणि मन ऑफिसात, अशी ती सुट्टी होते. शिवाय अशी उत्तरं साठत गेली की कामाचे तास वाढतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

मग तोपर्यंत काय करता येईल?

रजेच्या अर्जातच आपलं काम कोण पाहणार, ते लेखी कळवा. 'खरंच तातडीचं असेल तर मेसेज नको, फोन करा' असं सांगून ठेवा. फोन करायचा म्हटलं की बरीचशी 'अर्जंट' कामं थांबू शकतात.

ऑफिसचा ग्रुप अर्काइव्ह करा. व्हॉट्सॲपवर वैयक्तिक चॅटची ब्लू टिक बंद करता येते, ग्रुपची नाही. म्हणून ग्रुप न उघडणंच बरं. फोनमध्ये वर्क प्रोफाइल असेल तर ते थांबवून ठेवता येतं.

आणि रजेवर खरंच काम करावं लागलं, तर तारीख, वेळ आणि काम ईमेलवर लिहून ठेवा. अर्धा दिवस गेला असेल तर तेवढी रजा परत जमा करायची विनंती करा. ती मान्य होईलच असं नाही, पण ज्या कामाची हजेरीत नोंद नाही, त्याची निदान एक लेखी नोंद राहील.